उभ्या पायाकडे बघा: किकबॉक्सिंगमध्ये घोटा कसा जपायचा

किकबॉक्सिंग शिकायला आलेला प्रत्येक जण मारणाऱ्या पायाकडे बघतो. पॅड धरताना माझी नजर मात्र दुसऱ्या पायावर असते, जमिनीवरच्या. माझ्या वर्गात जे घोटे मुरगळले, त्यातले बहुतेक याच पायाचे. मारणारा पाय हवेत असतो, त्याला बहुतेक वेळा मुका मारच बसतो. उभ्या पायाने सगळं अंग पेलायचं, अंगाबरोबर गर्रकन फिरायचं आणि घामाने ओल्या मॅटवर टिकूनही राहायचं. लचकणार तो तोच.

आधी घोटा कसा आहे ते हाताने चाचपून बघा. बाहेरचं हाड आतल्या हाडापेक्षा खाली उतरलेलं लागेल. त्यामुळे पाऊल बाहेरच्या बाजूला कलायला अडतं, पण आत सहज कलतं. आत, म्हणजे तळवा दुसऱ्या पायाकडे आणि भार करंगळीच्या कडेवर. आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, रुंद आणि दणकट आहे. बाहेर तीन वेगवेगळे पट्टे आहेत, त्यातला पुढचा सगळ्यांत नाजूक. पाय मुरगळला की पहिल्यांदा ताणतो किंवा फाटतो तो हाच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याचं नाव एटीएफएल असं येतं.

दुसरी गोष्ट हाताला लागणार नाही. घोट्याच्या खोबणीत बसणारं टॅलस नावाचं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल पूर्ण टेकलेलं आणि गुडघा पुढे आलेला असतो, तेव्हा रुंद भाग खोबणीत पाचरीसारखा घट्ट बसतो. टाच उचलून चवड्यावर आलात की अरुंद भाग तिथे येतो आणि सांधा सैलावतो. आता गंमत बघा. राउंडकिक, म्हणजे बाजूने गोल फिरवून आणलेली किक, मारताना आम्ही शिकवणारे घसा ताणून तुम्हाला चवड्यावरच यायला सांगतो! हाडांचा आधार सगळ्यांत कमी, त्याच क्षणी अख्खा भार एका पायावर आणि वर गिरकी. तिथे सांधा धरून ठेवायचं काम स्नायूंचं, त्यातही नडगीच्या बाहेरून येऊन घोट्यामागून तळव्याकडे जाणाऱ्या पेरोनिअल स्नायूंचं.

म्हणून ‘चवड्यावर या’ एवढं सांगून भागत नाही. भार अंगठ्याच्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी हवा. तो करंगळीकडे सरकला की घोटा बाहेर झुकतो आणि मग वर कितीही ताकद असली तरी उपयोग नाही. अनवाणी उभे राहा, टाचा बोटभर उचला आणि आरशात मागून घोटे बघा. टाच पोटरीच्या सरळ रेषेत हवी. ती आत कलत असेल तर अंगठा जमिनीत दाबा, लगेच सरळ होईल. हे एकदा पायाला कळलं की पुढचं सोपं.

पाय वळवणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अर्धी लढाई इथेच आहे.

माझ्याकडे चाळिशी ओलांडलेल्या एक ग्रंथपाल येतात. किकला जोर चांगला, पण तक्रार एकच, गुडघ्याच्या आत आणि घोट्याच्या वर दुखतं. मी म्हटलं, पाय वळत नाही. त्या म्हणाल्या, ‘‘ताई, वळतो की!’’ मग मी मॅटवर चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले, एक त्यांच्या अंगठ्यापुढे, एक टाचेमागे, आणि एका लयीत किक मारायला लावल्या. मी पॅड दुसऱ्याकडे दिलं आणि खाली बसून बघत राहिले. किक जात होती तेव्हा कंबर वळत होती, गुडघा वळत होता, पण पाऊल जागचं हलत नव्हतं. तळव्याची कातडी मॅटला चिकटून सुरकुतत होती आणि घोट्यावरची शीर ताणून उठत होती. किक संपल्यावर, पाय खाली येता येता, पाऊल चुटकन वळायचं. त्यांना जाणवत होतं ते हे वळणं. पण ते उशिराचं होतं. पीळ तोवर बसून गेलेला.

पाऊल अडकलं आणि अंग फिरलं की तो पीळ कुठेतरी जाणारच. एक तर गुडघ्यात जातो, नाहीतर नडगीची दोन हाडं खाली जिथे एकमेकांना बांधलेली आहेत तिथे. तिथलं लिगामेंट दुखावलं की त्याला हाय अँकल स्प्रेन म्हणतात. सूज कमी दिसते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. बरं व्हायला मात्र साध्या मुरगळण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पोटरीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी दाबलं आणि घोट्याच्या वर कळ आली, तर शंका घ्या आणि दाखवून या.

उपाय किक सुरू होण्याआधीच करायचा असतो. उजव्या पायाने मारणार असाल तर डावा पाय पुढे आणि जरासा बाहेर टाकायचा, आणि टाकतानाच चवडा बाहेर उघडून टाकायचा. म्हणजे निम्मं वळण जमिनीला टेकायच्या आधीच झालेलं असतं. उरलेलं निम्मं चवड्यावर, गुडघा वर येत असताना. पॅडवर पाय आदळतो त्या क्षणी उभ्या पायाची टाच पॅडकडे बघत असली पाहिजे. टाच फार उचलायची नाही, मॅट सोडण्यापुरतीच. उंच उचललीत तर पुन्हा त्या सैल सांध्याचा प्रश्न आला. उभा गुडघा किंचित वाकलेला. ताठ ठेवलात तर घोट्याला सावरायला जागाच उरत नाही.

सराव कसा? भिंतीला एक हात टेका. किक मारूच नका. फक्त पाऊल टाका, वळा, गुडघा वर आणा, थांबा, परत या. थांबल्यावर डोलत असाल तर वेग कमी करा. प्रत्येक बाजूला दहा-दहा, रोज. मग हात सोडा. मग किक जोडा, पण हवेत आणि हळू. पंचिंग बॅग सगळ्यांत शेवटी, कारण बॅग आधार देते आणि तोल गेल्याचं लपवते. याच कारणासाठी मी मुद्दाम पॅड काढून घेते. किक हवेत गेली की अंग पुढे फिरत जातं. तेव्हा ते अडवायचं नाही. उभ्या पायावर पूर्ण फिरा, मारलेला पाय खाली टेका आणि पुन्हा गार्डमध्ये, म्हणजे हात वर धरलेल्या पवित्र्यात, या. मध्येच ब्रेक लावणाऱ्यांचे घोटे जातात.

बूट घालून सराव करत असाल तर तळ गुळगुळीत आणि पातळ हवा. पळण्याच्या बुटांचे तळ मुद्दाम पकड घेण्यासाठी बनवलेले असतात, वर टाच उंच. त्या बुटांत वळणं म्हणजे पाय खिळवून अंग फिरवणं. माझ्या वर्गात मी ते चालवून घेत नाही. अनवाणी असाल तर मॅट बघा. एकमेकांत अडकवायच्या मॅटचे जोड उघडले असतील तर अंगठा तिथेच अडकतो, आणि घामाचं थारोळं पुसायला लाजू नका. फार मऊ, पाऊल रुतेल अशी मॅट पडण्याच्या सरावाला ठीक. किकच्या सरावाला ती सगळ्यांत वाईट.

मारणाऱ्या पायाचं थोडं

त्याचा नियम सोपा आहे: राउंडकिक नडगीने मारायची, पावलाने नाही. पाऊल लागतं कारण तुम्ही लांब उभे असता. अर्धं पाऊल जवळ या. पावलाचा वरचा भाग समोरच्याच्या कोपरावर आपटला की बोटं खाली दाबली जातात, घोट्याच्या पुढच्या बाजूला ताण बसतो आणि पावलाची लहान हाडं मार खातात. काही प्रकारांत, विशेषतः पॉइंट फायटिंग आणि लाइट कॉन्टॅक्टमध्ये, पावलाने मारणं नेहमीचंच. तिथे फूटगार्ड असतात आणि अंगावर जोरही मर्यादित असतो. तरी पाऊल सैल सोडू नका. बोटं ताणून घोटा कडक ठेवा. सैल पाऊल बॅगवर फडफडतं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आठवण करून देतं.

फ्रंट किकमध्ये उलट: बोटं मागे ओढा, चवड्याने ढकला.

समोरच्याने गुडघा उचलून तुमची लो-किक, म्हणजे त्याच्या पायावर मारलेली किक, अडवली तर ती तुमच्या नडगीच्या खालच्या, बारीक भागावर लागते. 2014 मध्ये इस्तंबूलला ग्लोरी या किकबॉक्सिंग स्पर्धेच्या लढतीत गोखान साकीला मारलेली लो-किक अडवली गेली आणि टायरोन स्पाँगचा पाय मोडला. तो जगातल्या अव्वल किकबॉक्सरांपैकी होता, तेव्हा नवख्यांनी यातून काय घ्यायचं ते उघड आहे: आधी हाताने काहीतरी दाखवा, समोरच्याचा भार पुढच्या पायावर येऊ द्या, मग लो-किक मारा. आणि स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीत, शिनगार्डशिवाय नाही.

किक मारून झाली की पाय तिथेच सोडून देऊ नका. गुडघ्यातून मागे घ्या, मग ठेवा. सोडलेला पाय कुठल्या कडेवर पडेल याचा भरवसा नसतो.

स्पारिंगमध्ये

तुम्ही डावा पाय पुढे ठेवून लढता आणि समोरचा उजवा पुढे ठेवणारा, साउथपॉ, असेल तर दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात आणि एकमेकांवर पडतात. दुसऱ्याच्या पावलावर पाय पडून घोटा मुरगळणं हा अगदी ठरलेला प्रकार. आपला पुढचा पाय त्याच्या पायाच्या बाहेर ठेवा. त्याने तोल मिळतो, कोन मिळतो, आणि घोटाही वाचतो.

पाय पकडला गेला तर ओढून सोडवू नका. उभ्या पायावर लहान लहान उड्या मारत त्याच्याकडे तोंड करा आणि त्याच्या खांद्याला किंवा मानेला धरा. पकडणाऱ्यालाही सांगणं आहे: सरावात पाय धरून फिरवायचा नाही. ज्याचा पाय धरलाय, त्याचा उभा घोटा तुमच्या हातात आहे.

पोटरीवर बसणाऱ्या लो-किकचं लोकांना नीट माहीत नसतं. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, हाडाला वळसा घालून एक नस जाते. तिच्यावर फटका बसला की पाऊल काही वेळ वर उचलतच नाही. दुखतं थोडं, पण पाऊल लोंबतं. अशा पायावर भार टाकून पुढे सरकलात तर बोटं अडकतात आणि घोटा दुमडतो. पाऊल उचलत नसेल तर स्पारिंग तिथेच थांबवा. पाच मिनिटांनी बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा नको. दुसऱ्या दिवशीही उचलत नसेल तर डॉक्टर.

गिरकी घेऊन मारायच्या आणि उडी मारून मारायच्या किक मी उशिरा शिकवते. पहिल्या महिन्यात त्या मागणाऱ्यांना मी एका पायावर उडी मारून जागच्या जागी थांबायला सांगते. पाय टेकल्यावर पाऊल न हलता तीन सेकंद थांबता आलं, तर बोलू.

घोट्याचा व्यायाम

फार काही लागत नाही. आठवड्यातून तीनदा, दहा-बारा मिनिटं, पण नेमाने.

सुरुवात एका पायावर उभं राहण्यापासून करा. अर्धा मिनिट. जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की उभ्या पायावर राहून दुसऱ्या पायाची किक अगदी सावकाश लांब करा आणि परत आणा. डोळे मिटल्यावर घोटा कसा थरथरतो ते बघा. ते थरथरणं म्हणजेच स्नायूंना वेळेवर जागं व्हायची सवय लागणं. एकदा मुरगळलेल्या घोट्याला तर हा तोलाचा सराव सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो.

मग पोटरी. एका पायावर उभं राहून टाच पूर्ण वर, सावकाश खाली. गुडघा सरळ ठेवून सलग पंचवीस हे चांगलं माप आहे. दोन पायांमध्ये फरक असेल तर कमजोर पायाला आधी करायला लावा. तोच व्यायाम गुडघा वाकवूनही करा, कारण तेव्हा पोटरीचा आतला, खोल स्नायू काम करतो, आणि लढताना तुमचा गुडघा वाकलेलाच असतो. वर जाताना अंगठा विसरू नका.

पेरोनिअलसाठी रबर बँड. बसून पाय लांब करा, बँड चवड्याभोवती अडकवा, दुसरं टोक आतल्या बाजूला बांधा आणि फक्त पाऊल बाहेर वळवा. गुडघा वळला तर फसवणूक. पंधरा-वीस वेळा, परत येताना मुद्दाम हळू.

घोटा वाकतो किती, हेही मोजा. भिंतीकडे तोंड करून एक पाय पुढे, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, मग पाऊल मागे मागे घेत जा. अंगठा भिंतीपासून 10 सेंटिमीटरच्या आसपास असताना गुडघा टेकत असेल तर ठीक. त्यापेक्षा बराच कमी असेल, किंवा दोन पायांत ठळक फरक असेल, तर हीच हालचाल रोज करा, आत जाऊन, बाहेर येऊन. ताठ घोट्याचा माणूस वाकायच्या ऐवजी पाऊल कलवतो.

दोरीच्या उड्यांबद्दल एवढंच: दोरी पायाखालून जाईल इतकीच उडी, त्याहून उंच नाही, आणि काँक्रीटवर नाही. नवीन असाल तर पहिल्या आठवड्यात अर्धा तास दोरी मारू नका. घोट्याच्या आधी टाचेवरची शीर कुरकुरेल.

टेप, अँकलेट आणि बाकीचं सामान

ओढून चढवायचे इलॅस्टिकचे अँकलेट छान दिसतात, पाय उबदार ठेवतात, आणि कातडीला सांधा कुठे आहे याची जाणीव देतात. मुरगळणारा पाय ते अडवत नाहीत. घालायचे तर घाला. त्यांच्या जिवावर जोखीम घेऊ नका.

आधी मुरगळलेल्या घोट्याला टेप किंवा लेसचा ब्रेस खरोखर उपयोगी पडतो. बॅग आणि पॅडला ब्रेस चालेल, पण कडक प्लास्टिकच्या पट्ट्या असलेला ब्रेस घालून स्पारिंग करू नका. तो समोरच्याला लागतो.

टेप लावताना पाऊल नडगीशी काटकोनात हवं, सैल लोंबतं नको. न ताणणारी, कापडासारखी दिसणारी पांढरी टेप घ्या. आधी नडगीवर, घोट्याच्या हाडांपासून चार बोटं वर, एक पट्टी गोल. मग आतल्या बाजूने सुरू करून टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर ओढत आणायची, असे दोन-तीन पट्टे. ही दिशा महत्त्वाची, कारण पाऊल ज्या बाजूला कलतं त्याच्या उलट ओढायचं असतं. नंतर टाचेला दोन्हीकडून विळखा आणि वरून आठच्या आकड्यासारखी गुंडाळी. सुरकुती राहिली तर तिथे फोड येणारच. शेवटी बोटाचं नख दाबून सोडा. रंग लगेच परत आला नाही तर काढून पुन्हा लावा. आणि घामाने, हालचालीने टेप अर्ध्या तासात बरीच सैलावते. तासभर सराव असेल तर तिची ताकद पहिल्या भागातच खर्च होते, म्हणून स्पारिंग असेल त्या दिवशी टेप उशिरा लावा.

मुरगळलाच तर

थांबा. ‘‘चालून मोकळा करते’’ हे मी वर्गात ऐकून घेत नाही.

हाड मोडल्याची शंका घेऊन एक्स-रे काढायचा की नाही, हे ठरवायला 1992 मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी काही साधे नियम घालून दिले, ते आजही वापरतात. घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत, दाबून बघा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. यातलं काहीही दाबल्यावर दुखलं, किंवा चार पावलं भार देऊन टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. लंगडत टाकलेली चार पावलंही चालतात. मुलांच्या बाबतीत ही परीक्षा घरी करत बसू नका. त्यांची हाडं वाढत असतात, सरळ डॉक्टरांकडे न्या. पाऊल बधिर, गार किंवा वेडंवाकडं दिसत असेल तर मोठ्यांनाही हेच.

हाड शाबूत असेल तर पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज, पाय उंचावर, दुखतंय तेवढ्यापुरता बर्फ कपड्यात गुंडाळून. चोळून घेऊ नका, शेक देऊ नका. विश्रांती आणि बर्फाचा सल्ला 1978 मध्ये अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी रूढ केला, आणि पुढे त्यांनीच बर्फ आणि पूर्ण विश्रांतीबद्दलचं आपलं मत बदललं. झेपेल तितका भार, झेपेल तितकी हालचाल, लवकर सुरू करावी, असाच आजचा कल आहे. बसल्या बसल्या पावलाने हवेत अक्षरं काढा, हे दुसऱ्या दिवशीही जमतं.

परत येताना कॅलेंडर बघू नका. दुखणं थांबतं दोन आठवड्यांत, लिगामेंट पक्कं व्हायला महिने लागतात, आणि पुन्हा मुरगळायचा धोका सगळ्यांत जास्त त्याच घोट्याला असतो. न लंगडता चालणं, मग एका पायावर तोल, मग दोन्ही पायांच्या टाचा सारख्या वेळा उचलता येणं, मग एका पायावर उड्या. हे झालं की भिंतीला धरून वळणं. मग हवेत किक, मग बॅग, मग पॅड. वर्षभर तरी स्पारिंगला टेप किंवा मऊ ब्रेस असू द्या.

स्पारिंग सगळ्यांत शेवटी, आणि पहिले काही राउंड फक्त हातांचे. सुरू करण्याआधी पार्टनरला सांगा कुठला पाय दुखावलेला आहे आणि त्या पायावर लो-किक किंवा स्वीप, म्हणजे पाय झाडून पाडणं, नको. ऐकून हसणारा असेल तर पार्टनर बदला.